रविवारची गाडी

माझ्या भावाला लहानपणापासून एक खोड आहे. काही बिघडलं की त्याला बरं वाटतं. पंखा बंद पडला की आम्ही सगळे घामाघूम होऊन चरफडायचो आणि हा पठ्ठ्या स्टुलावर चढून शीळ घालत पंखा उतरवायचा. पुढे तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला, तेव्हा मी म्हटलं, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. जिकडे तिकडे उंच इमारती आणि प्रत्येकीत एक तरी लिफ्ट अडकलेली.

संसार बिघडला तेव्हा मात्र त्याचं काही चाललं नाही. कोणाचं चुकलं ते मला विचारू नका. मी त्याची मोठी बहीण आहे, सरळ उत्तर देणार नाही. बायको दोन्ही मुलींना घेऊन वेगळी झाली आणि हा एक सुटकेस आणि हत्यारांच्या पेट्या घेऊन माझ्याकडे राहायला आला. मला काय, मी एकटी. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन. लोकांचे कपडे उसवायचे, आत घ्यायचे, उंची सोडायची, हे माझं काम. मागची खोली त्याला दिली. मुली आईकडे, आणि रविवार तेवढे त्याच्या वाट्याला.

ते रविवार म्हणजे शिक्षाच होती. थोरली तेराची, धाकटी आठची. दोघी माझ्या सोफ्यावर अशा बसायच्या, जशा काही दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यात. हा समोर खुर्ची ओढून विचारायचा, "शाळा कशी चाललीये?" थोरली म्हणायची, "ठीक." हा विचारायचा, "जेवलात?" धाकटी म्हणायची, "हो." मग घड्याळ बोलायचं. मी चहा करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळायची, कारण मला ते बघवत नसे.

पुढे थोरलीचं पोट नेमकं रविवारी दुखायला लागलं. एकदा दुखलं, मग वरचेवर दुखायला लागलं. भाऊ काही खुळा नाही.

"अक्का, ती यायची बंद होणार," तो मला म्हणाला. "पुढच्या वर्षी चौदाची होईल. तिची आई म्हणते, मग तिचं तिनं ठरवायचं. कोर्टाच्या कागदावर रविवार माझे आहेत, पण कागद काही तिचा हात धरून तिला इथं आणणार नाही."

मी म्हटलं, "मग काहीतरी कर. नुसता सुतकी चेहरा करून समोर बसलास तर मीसुद्धा पळून जाईन."

त्यानं काय करावं? मोटारसायकल आणली.

एका जुन्या इमारतीच्या तळघरात तो लिफ्टचं काम करत होता. तिथं कोपऱ्यात कित्येक वर्षं पडून होती. मालक म्हणाला, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. टेंपोतून उतरवली तेव्हा मी कपाळावर हात मारला. एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची, वयानं माझ्याहून मोठी. दोन्ही टायर बसलेले, टाकी गंजून तांबडी, आणि सीटच्या आत उंदरांनी थाटलेला संसार. माझ्या मागच्या शेडमध्ये कापडाची गाठोडी होती, ती बाहेर आणि ही आत.

"हे भंगार चालणार आहे?" मी विचारलं.

"आज नाही," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनी तो हसला होता, म्हणून मी पुढचं बोलणं गिळलं.

त्या रविवारी मुली आल्या. धाकटी गाडीभोवती दोन चकरा मारून आली आणि तिनं हँडलवरचं बटण दाबलं. भावानं तपासायला म्हणून बॅटरी जोडून ठेवली होती, तर त्या भंगारातून बेडकासारखा एक आवाज निघाला. ती किंचाळली, मग खिदळली. त्या दिवसापासून तिचं नाव हॉर्न पडलं. तसंही तिचं तोंड कधी मिटत नाही. थोरली दारातच उभी होती. नंतर हळूच पुढे आली, वाकली आणि इंजिनच्या वरच्या भागातल्या खाचांमध्ये तिनं बोट घातलं.

"बाबा, हे असं पट्ट्यापट्ट्यांचं का आहे?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. वर्षभरात तिनं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मग त्यानं तिला वारा, उष्णता, सगळं समजावून सांगितलं. खरं तर गरजेपेक्षा फार जास्त सांगितलं, पण ती ऐकत राहिली. पोटाचं दुखणं त्या दिवशी जे गेलं ते गेलंच.

मशीनवर बसलं की माझ्या खिडकीतून शेड समोर दिसते. त्यामुळे ती गाडी कशी उघडली आणि कशी जुळत गेली ते मी सगळं पाहिलंय. रॉकेलच्या थाळीत नटबोल्ट भिजत घातलेले असायचे. हॉर्न जुना टूथब्रश घेऊन ते घासायची आणि घासता घासता शाळेतली भांडणं सांगायची. थोरली गप्प. ती काम करायला लागली की जिभेचं टोक ओठातून बाहेर यायचं, आणि मग हाक मारली तरी तिला ऐकू येत नसे.

भावाचे शेडमधले नियम लिफ्टच्या कामातले होते. पहिला, ज्यानं उघडलं त्यानंच बसवायचं. दुसरा, नट आवळताना आधी दोन बोटं, मग मनगट, आणि बास. खांदा लावायचा नाही. "खांदा लावला की कळायचं बंद होतं," तो म्हणायचा. आणि तिसरा नियम रेघेचा. नट नीट आवळून झाला की नटावरून खालच्या धातूवर जाईल अशी रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट जराही हलला तर रेघ तुटते. लिफ्टमध्ये म्हणे असंच करतात, पुढच्या वेळी पाना लावून बघावं लागत नाही, रेघ बघितली की झालं. मुलींनी आईच्या संपत आलेल्या नेलपॉलिशच्या बाटल्या आणल्या. थोरलीनं निळी घेतली, हॉर्ननं लाल, आणि भावाला उरली ती गुलाबी. लिफ्टवाल्याच्या हातात गुलाबी नेलपॉलिश बघून मी इतकी हसले की सुई बोटात गेली.

थोरलीबद्दल एक सांगायला हवं. शाळेत तिचं काही खरं नव्हतं. गणितात गटांगळ्या, भाषेत काठावर पास, प्रगतिपुस्तकावर दरवेळी तेच, लक्ष नसते. बाई म्हणायच्या, आई म्हणायची, शेवटी तीच म्हणायला लागली, "माझं डोकंच चालत नाही, आत्या." हे असं, पाणी दे म्हटल्यासारखं सहज म्हणायची. आणि इथं त्याच मुलीनं कार्ब्युरेटर एकटीनं उघडला, त्यातली केसाएवढी भोकं तारेनं साफ केली आणि एकही तुकडा न उरता परत जोडला. भावानं तो उलटसुलट करून बघितला. "अक्का, हात बघ हिचा," तो म्हणाला. "आमच्या साहेबाचासुद्धा असा नाही."  त्या संध्याकाळी घरी जाताना थोरली हात धुवायला तयार होईना. बोटांवरचं काळं तिला आईला दाखवायचं होतं.

म्हणून मी म्हणते, त्या शेडमध्ये मोटारसायकल दुरुस्त होत होती हे खरं, पण ते दुय्यम होतं.

महत्त्वाचं सगळं काम हळूहळू थोरलीकडे गेलं, कारण ते तिला जमत होतं. इंजिनवर बघावं तिकडे निळ्या रेघा. गाडी जवळजवळ झाली. एका रविवारी भावानं किक मारली, पुन्हा मारली, आणि चौथ्या-पाचव्या किकेला ते धूड एकदम धडधडायला लागलं. निळसर धूर, खिडकीच्या काचा थरथरताहेत, हॉर्न नाचतेय. काही क्षणच चाललं, मग बंद पडलं. पण थोरलीचा चेहरा मी पाहिला. मला तिच्या जन्मापासून तो तसा कधी दिसला नव्हता.

नेमकी त्याच वेळी त्यांची आई न्यायला आली. फाटकातूनच म्हणाली, "अरे वा! झाली वाटतं गाडी?" वाईट मनानं नाही म्हणाली, उगाच कशाला खोटं बोलू. मग मला म्हणाली, "बरं झालं, अक्का. हिचं गणित फार कच्चं आहे हो. रविवारचा एक चांगला क्लास आहे, महिनाअखेरपर्यंत प्रवेश चालू आहेत. ही म्हणत होती, गाडी होईपर्यंत नको. आता लावून टाकते."

मुली गेल्या. भाऊ शेडमध्ये एकटाच उभा राहिला, गाडीच्या टाकीवर हात ठेवून.

पुढच्या शनिवारी दुपारी मी एक पँट आत घेत होते. सहज खिडकीतून बघितलं तर हा गाडीशी वाकलेला, हातात पाना. मी बाहेर गेले. कार्ब्युरेटर इंजिनला धरून ठेवणारे दोन नट तो सैल करत होता. दोन्हींवरच्या निळ्या रेघा तुटलेल्या.

"काय करतोयस?"

"काही नाही. बघत होतो."

"बघायला पाना लागतो?"

तो सरळ झाला. पकडल्या गेलेल्या पोरासारखं तोंड. "अक्का, तिची आई काय म्हणाली ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग ही एवढ्यात व्हायला नको. इथून हवा शिरली की इंजिन पकड घेणार नाही. मुली शोधतील कुठं बिघडलंय ते. एक रविवार जाईल. या महिन्याचे प्रवेश बंद होऊ देत, मग करू पूर्ण."

"अरे पण तिचेच नट का? तुझे ते गुलाबी रेघेवाले आहेत की, ते कर सैल."

"माझं काम राहिलं तर मी करीन. ती कशाला येईल? तिचं राहिलं तरच ती येणार." तो एवढ्या सरळपणे बोलला की मला लगेच रागही आला नाही. राग नंतर आला. मी म्हटलं, "तुझी अक्कल लिफ्टमध्ये अडकली आहे. पोरीनं जीव ओतून केलेलं काम आहे ते."

"एकदोन रविवार फक्त, अक्का. तू काही बोलू नकोस तिला."

बापलेकीच्या मध्ये पडायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं, आणि पँट घेऊन परत मशीनवर बसले.

रविवारी गाडी सुरू होईना. किक मारून मारून भाऊ दमल्याचं नाटक करत होता. हॉर्न म्हणाली, "आत्या, हिचं म्हणजे ते आहे, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!" ती म्हण मीच तिला शिकवली होती. थोरली एकेक रेघ बघत गेली. कार्ब्युरेटरपाशी थांबली.

"बाबा, हे माझे आहेत. सुटलेत."

"होतं असं," भाऊ म्हणाला. "इंजिन हादरतं ना. नवीन हाताचं होतं असं कधीकधी. काही बिघडत नाही, परत आवळ."

आता बघा. त्याला वाटलं आपण समजूत घालतोय. मायेनं बोलला तो, तिच्या पाठीवर हात ठेवून. आणि त्या एका वाक्यात त्यानं तिचं काम मातीत घातलं. ती नट आवळायला बसली, तेव्हा ओठातून बाहेर येणारी जीभ आत होती आणि दात ओठांवर.

क्लासचे प्रवेश बंद झाले. मला वाटलं, सुटलो. पण माणसाला एकदा युक्ती सापडली की ती टाकवत नाही. त्यांची आई म्हणाली, पुढच्या तुकडीचे प्रवेश लवकरच आहेत. मग वरच्या झाकणाचे स्क्रू सैल झाले. मग इंजिनच्या पोटाखालचा तेल काढायचा बोल्ट सैल झाला आणि शेडमध्ये तेलाचं थारोळं झालं. प्रत्येक वेळी निळी रेघ तुटलेली, प्रत्येक वेळी भाऊ प्रेमानं म्हणणार, "होतं असं." मी शनिवारी त्याच्यावर ओरडायची, तो "शेवटचं" म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि युक्ती लागू पडत होती, हे कबूल करायला हवं. थोरली एकही रविवार चुकवत नव्हती. उलट लवकर यायची. आल्याबरोबर चप्पलसुद्धा न काढता शेडमध्ये जायची आणि खाली वाकून आपल्या रेघा बघायची. भावाला वाटायचं, पोरीला केवढी ओढ लागलीये. मला खिडकीतून तिचा चेहरा दिसायचा. परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या मुलाचा चेहरा असतो ना, तो. आणि निकाल दरवेळी तोच.

एकदा ती माझ्याजवळ येऊन बसली, मशीनच्या पेटीत बॉबिन लावता लावता म्हणाली, "आत्या, तू शिवलेलं कधी उसवतं?"

"सगळ्यांचंच कधीतरी उसवतं," मी म्हटलं.

"हॉर्नचे नट नाही सुटत," ती म्हणाली. "तिला तर नीट आवळतापण येत नाही."

मी त्या रात्री भावाला जेवायला वाढलं नाही. तू तिला खरं सांग, नाहीतर मी सांगते, असं त्याला बजावलं. तो म्हणाला, येत्या रविवारी सांगतो. हे तो मनापासून म्हणाला असावा. पण मुली गेल्या गेल्या, जेवणाआधीच, तेलाचा बोल्ट त्यानं सैल करून ठेवला होता, तो काही त्यानं परत आवळला नाही. विसरला म्हणाला नंतर. असेलही.

त्या रविवारी थोरली आली, वाकली, आणि बोल्टाखाली तेलाचा डाग बघून तशीच बसून राहिली. भाऊ हॉर्नला टायरमध्ये हवा भरायला शिकवत होता. मी बघत होते. थोरलीनं बोल्टाला पाना लावला. दोन बोटं. मनगट. मग तिनं इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातला लोखंडी पाइप उचलला, पान्याच्या दांड्यात घातला आणि खांदा लावला. सगळं अंग लावलं. पाय जमिनीला रोवून, डोळे मिटून, जणू या वेळी हा बोल्ट जन्मात सुटता कामा नये.

आधी कर्र आवाज आला. मग पाना एकदम हलका होऊन गरकन फिरला आणि ती तोंडावर आपटली.

बोल्ट लोखंडाचा, इंजिनचं पोट अ‍ॅल्युमिनियमचं. आतले आटे साफ गेले होते. बोल्ट आता बोटानं फिरत होता, कितीही फिरवा, आणि त्याच्या कडेनं तेल वाहत होतं. भाऊ धावत आला. तिच्या हनुवटीला खरचटलं होतं. त्यानं ते आधी बघितलं, मग बोल्ट बघितला, आणि त्याचा चेहरा पडला. एक क्षणच पडला, पण तिनं तो पाहिला.

"काही नाही गं, नवे आटे पाडता येतात," तो म्हणाला. "होतं—"

"असं," थोरलीनं वाक्य पुरं केलं. तिनं पाना पुसून पेटीत ठेवला. पाइप जागेवर ठेवला. मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, नखांतलं काळंसुद्धा काढलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, मला नाही येत हे. मला वाटलं होतं येतं."

रडली असती तर बरं झालं असतं.  मी दारातून भावाला खुणा करतेय, बोल, आता तरी बोल. एवढ्यात फाटक वाजलं, त्यांची आई आली होती, हनुवटीवरचं रक्त बघून तिनं काय झालं, कसं झालं सुरू केलं, आणि त्या गडबडीत मुली गेल्या.

पुढच्या रविवारी हॉर्न एकटी आली. नेहमी फाटकापासून सुरू होणारी तिची टकळी त्या दिवशी बंद होती. भावानं विचारलं, "ताई कुठाय?"

"नाही आली."

"पोट दुखतंय?"

"नाही." हॉर्न चपलेनं माती उकरत होती. "ती म्हणाली, मी हात लावते म्हणून बाबांची गाडी होत नाही. मी नाही गेले तर होईल. तुम्हाला हे सांगायचं नव्हतं, पण मी सांगितलं."

मला वाटायचं, कधीतरी तिला खरं कळेल आणि ती रुसून येणार नाही. रागावून येणार नाही. रुसवा काढता येतो, रागाची माफी मागता येते. ही पोर बापाचं भलं व्हावं म्हणून घरी बसली होती.

भावानं शर्टसुद्धा बदलला नाही. आम्ही तिघं बसनं तिच्या घरी गेलो. बस थांब्याथांब्यावर थांबत होती आणि हा प्रत्येक वेळी उठून उभा राहत होता. त्यांच्या आईनं दार उघडलं, आमचे चेहरे बघितले आणि काही न विचारता थोरलीला हाक मारून आत निघून गेली. तिथल्या जिन्याच्या चौकात, शेजाऱ्यांच्या चपलांच्या रॅकपाशी उभं राहून माझ्या भावानं लेकीला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "तुझा एकही नट सुटला नव्हता. मी सोडवत होतो. शनिवारी. पान्यानं. प्रत्येक वेळी मीच."

थोरलीनं शांतपणे ऐकून घेतलं. "का?"

"गाडी झाली असती तर तू आली नसतीस म्हणून."

 मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आधी कळलं नाही. तिला त्याची कीव येत होती.

"बाबा," ती म्हणाली, "गणितात नापास झाले होते तेव्हा तुम्ही बाईंना सांगितलं होतं, पेपरच चुकीचा होता म्हणून. आठवतं? मला सगळे हसले होते. तुम्ही नेहमीच मला असं सांभाळून घेता. नका घेऊ. मला चालतं."

"अगं, शपथ!"

मी पुढे झाले. "खरं सांगतोय तो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, खिडकीतून."

"कधी?"

"अगदी पहिल्या वेळेपासून."

"मग तू तेव्हाच मला सांगितलं असतंस ना, आत्या," ती म्हणाली. तिनं माझा हात हातात घेऊन थोपटला, म्हाताऱ्या माणसाचा थोपटतात तसा. "तू मला कशाला फसू दिलं असतंस?"

मला जगात कोणी गप्प करू शकत नाही असं म्हणतात. त्या पोरीनं केलं.

परत येताना भाऊ म्हणाला, "पुरावा पाहिजे तिला. गाडी पूर्ण करतो आणि तिच्या दारात नेतो. तिनं बसवलेलं सगळं जसंच्या तसं ठेवतो. चालती गाडी बघितली की तिला पटेल." मलाही पटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हाच. त्यानं बोल्टाचे नवे आटे पाडून आणले, तेल भरलं, टाकीला रंग दिला. सैल करणारं कोणी नव्हतं, मग वेळ कशाला लागतोय? बघता बघता गाडी झाली. मला तर रडू आलं, ती इतक्या दिवसांत कधीही झाली असती हे बघून. मी तिला नवं सीट शिवलं, काळं, पांढऱ्या दोऱ्याची शिवण घालून.

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन निघाला, मी बसनं मागोमाग गेले. पोचले तेव्हा गाडी त्यांच्या इमारतीच्या खाली उभी होती, इंजिन चालू. काय सुंदर ठोका पडत होता, एकसारखा. येणारे जाणारे थांबून बघत होते, वॉचमन टाकीवरून हात फिरवत होता, हॉर्न सगळ्यांना माहिती देत होती. त्यांची आईसुद्धा खाली आली होती आणि खरंच कौतुकानं बघत होती.

थोरली शेवटी उतरली. खांद्याला दप्तर, केस घट्ट बांधलेले. गाडीभोवती एक पूर्ण फेरी तिनं मारली. वाकून इंजिनच्या पोटाखाली बघितलं. एक थेंब तेल नव्हतं.

"हे सगळं तुझं आहे," भाऊ घाईघाईनं म्हणत होता, "कार्ब्युरेटर तुझा, हे झाकण तुझं, मी हातसुद्धा लावला नाही. बंद करतो, तू किक मार. मार ना. तुझ्या हातानं सुरू होईल."

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको, बाबा. मी हात लावला आणि काही झालं तर?"

"काही होणार नाही गं!"

"नको." मग ती हसली. छान, मोकळं हसली. तिच्या मनात कसली अढी नव्हती, ती बापासाठी खूश होती, अगदी मनापासून. "किती मस्त झाली! बघितलंत ना, मी म्हटलं होतं. मी नसले की लगेच झाली."

भावानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या पेटीतलं कुठलंच हत्यार आता उपयोगाचं नव्हतं, आणि माझ्याकडे कधी नव्हतंच.

"निघते हं. क्लासला उशीर होतोय," थोरली म्हणाली, आणि दप्तर सावरत, गर्दीतून वाट काढत निघाली. कोपऱ्यावर वळताना तिनं आमच्याकडे बघून हात हलवला. भावानंही हलवला. ती दिसेनाशी झाल्यावरही त्याचा हात वरच होता, आणि इंजिन बंद करायचं कोणालाच सुचत नव्हतं.